पुंडलिकाची गोष्ट नेमकी कुणासाठी?

पत्र

ताई, नमस्कार. मी ४२ वर्षांचा. तालुक्याच्या गावी वाढलो, आता शहरात नोकरी करतो. आमचं घर माळकरी. बाबा पखवाज वाजवायचे, पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं. सप्ताह असला की त्यांना न्यायला गाडी यायची. लोक वाकून पाया पडायचे, माउली म्हणायचे. त्याच हातांनी ते मला मारायचे. हरिपाठात ओळ चुकली, पाढा अडला, आईशी त्यांचं वाजलं, काहीही पुरायचं. पखवाजाला लावायची कणीक भिजवणं हे माझं काम होतं. सैल झाली तर थोबाडीत, घट्ट झाली तरी. एकदा पखवाज चढवायच्या हातोडीने गुडघ्यावर मारलं, तो गुडघा थंडीत अजून दुखतो. मारून झालं की हातपाय धुऊन ते 'पांडुरंग, पांडुरंग' म्हणत देवघरापुढे बसायचे. चेहरा इतका शांत व्हायचा की मला वाटायचं, देवसुद्धा यांच्याच बाजूचा. मीही पांघरुणात तोंड खुपसून तेच नाम घ्यायचो.

२३ व्या वर्षी गळ्यातली माळ काढून डब्यात ठेवली. नाम मात्र सुटलं नाही. रात्री झोप लागली नाही की आपोआप ओठांवर येतं, बरं वाटतं, आणि मग त्याचीच लाज वाटते. बायको पोळ्यांची कणीक मळायला लागली की मी कारण काढून बाहेर जातो. तिला हे सांगितलेलं नाही. चार वर्षांपूर्वी दहा दिवसांच्या मौन शिबिराला गेलो. शरीराकडे लक्ष द्यायला सांगितलं तेव्हा पाठ पेटल्यासारखी झाली, श्वास अडकला. शिकवणारे म्हणाले, जुने संस्कार वर येताहेत, समतेने बघत राहा. राहिलो. घरी आल्यावर तीन महिने धड झोप नव्हती. एका सत्संगात विचारलं तर उत्तर मिळालं, प्रारब्ध.

बाबा आता ७६ चे. थकलेत, मवाळ झालेत. यंदा त्यांना शेवटची वारी करायची आहे, माझ्याबरोबर आणि माझ्या ८ वर्षांच्या मुलाला घेऊन. आई म्हणते, आता माफ कर, पुंडलिकाला आठव. 'पुंडलिक वरदे' कानावर पडलं तरी माझ्या छातीत धडधडतं. आणखी एक सांगायचंय. मागच्या महिन्यात वहीवर पाणी सांडलं म्हणून मी मुलाला मारलं. त्याचा चेहरा बघून देवघरात गेलो आणि देवाची माफी मागितली. वारीला जाऊ का? माफ करता येत नाही, म्हणजे माझी भक्ती खोटी का?

– माळ काढलेला

उत्तर

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा कणकेपाशी अडखळले. ज्यांनी पखवाज जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. त्याच्या डाव्या तोंडाला, म्हणजे धुमेला, वाजवण्याआधी भिजवलेली कणीक थापतात. तिच्या वजनाने आवाज खाली उतरतो, भरदार होतो. वाजवून झालं की खरवडून काढायची, पुढच्या वेळी पुन्हा ताजी. किती लावायची, किती सैल, हे हवेवर असतं, चामड्यावर असतं, त्या दिवशी सूर कुठला धरायचा यावर असतं. मुरलेले वादकसुद्धा थोडी लावतात, थाप मारून बघतात, थोडी काढतात. म्हणजे तुमच्या बाबांनी एका लहान पोराला असा पेपर दिला होता, ज्याचं उत्तर त्यांनाही आधी ठाऊक नसायचं. तुम्ही नापास होणारच होतात. 'सैल झाली तर थोबाडीत, घट्ट झाली तरी' असं तुम्ही जाता जाता लिहून गेलात, पण तुमचं काही चुकत होतं का, या प्रश्नाचा निकाल त्या ओळीतच लागतो. हात कुणावर तरी उठायचाच होता. कणीक नसती तर पाढा होताच.

लहान पोराला हे कळत नाही, आणि कळलं तरी झेपत नाही. रोनाल्ड फेअरबेर्न नावाच्या स्कॉटिश मनोविश्लेषकाने १९४३ मध्ये अशा मुलांबद्दल एक गोष्ट टिपली होती. घरात हाल झालेली मुलं आईबापांना वाईट म्हणायला तयार होत नाहीत, स्वतःला वाईट म्हणायला मात्र लगेच तयार होतात. साहजिक आहे. ज्याच्या घरात राहायचं, ज्याच्या ताटात जेवायचं, तो माणूसच वाईट म्हटला तर पोराने जायचं कुठे? त्यापेक्षा 'मीच वाईट' हे परवडतं, कारण मग सुधारण्याची आशा तरी उरते. सैतानाच्या राज्यात राहण्यापेक्षा देवाच्या राज्यात पापी होऊन राहिलेलं बरं, अशा अर्थाचं त्याने लिहिलंय. तो ख्रिस्ती घरातला, म्हणून त्याला सैतान आठवला. आपल्याकडे तेच काम प्रारब्ध करतं.

त्या सत्संगातल्या उत्तराबद्दल मला राग आहे, तो लपवत नाही. कर्माचा हिशेब नेहमी मार खाणाऱ्याच्याच वहीत का मांडतात? हातोडी उचलणाऱ्याला कुणी कधी म्हणालं का, की बाबा रे, हे तुझं कर्म आत्ता, या क्षणी तयार होतंय, हात खाली घे? २००७ साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून एक अहवाल काढला. दर तिघांत दोघं मार खाणारी निघाली, आणि घरात मार खाणाऱ्यांपैकी नव्वदेक टक्क्यांना मारणारे खुद्द आईवडील होते. एवढ्या सगळ्यांचं मागच्या जन्मीचं पाप एकाच पिढीत, एकाच देशात गोळा झालं म्हणायचं? (आणि हे वाचणाऱ्या इतरांसाठी: आज कुणी आपल्या ताब्यातल्या मुलाचे असे हाल केले तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली तो गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शेजारच्या घरातून असं काही ऐकू येत असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा. 'त्यांच्या घरचा मामला' म्हणून खिडकी लावून घेऊ नका.)

तुमचं पत्र वाचताना आणखी एक गोष्ट सतत दिसत राहिली. तुमच्या घरात माणसाने माणसाशी करायचं प्रत्येक बोलणं देवाच्या मार्फत होतं. बाबा तुम्हाला मारतात आणि निवतात देवापुढे बसून. तुमच्या अंगावरचे वळ तसेच. तुम्ही बाबांना माफ करावं असं आईला वाटतं, ते ती मागते पुंडलिकाच्या नावाने. आणि तुम्ही मुलाला मारलंत, आणि माफी मागितलीत देवाची. ज्याच्या गालावर हात पडला तो बाहेरच्या खोलीत उभा होता ना? देवाला या दलालीतून मोकळा करा. तुम्ही विचारलेल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मी तिथूनच शोधणार आहे.

आधी पुंडलिक. तुम्हाला आणि मला ही गोष्ट शेवटाकडून सांगितली गेली. आईबापांचे पाय चेपणारा मुलगा, दारात आलेला देव, भिरकावलेली वीट, अठ्ठावीस युगं. पण पारंपरिक कथा सुरू कुठून होते आठवा. पुंडलिक आधी आईवडिलांना छळायचा. तो तरणाताठा, ते म्हातारे. जोर त्याच्या हातात होता आणि तो त्याने वापरला. मग कुक्कुटमुनींच्या आश्रमाशी त्याचे डोळे उघडतात, आपण काय केलं ते दिसतं, आणि तो वळतो. वळून जातो कुणाकडे? देवाकडे जात नाही. ज्यांना छळलं त्यांच्याकडे जातो. त्यांच्या पायाशी बसतो, आणि दारात प्रत्यक्ष देव आला तरी उठत नाही. थांब म्हणतो, माझं इथलं काम झालेलं नाही. तो उठून पूजेला लागला असता तर पंढरपूर झालंच नसतं.

आता सांगा, तुमच्या घरात जोर कुणाच्या हातात होता? लहान पोराच्या की पखवाज वाजवून तळहात दगडासारखे झालेल्या माणसाच्या? ही गोष्ट तुमच्या बाबांची आहे. वळायचं त्यांनी होतं. ते दर वेळी देवाकडे गेले, तुमच्याकडे एकदाही आले नाहीत. आईने पुंडलिक आठवायला सांगितला तो बरोबरच सांगितला, फक्त माणूस चुकला. हे आईला ऐकवायला जा असं मी म्हणत नाही. त्या घरात तिचं काय काय झालं ते तुमच्या पत्रात नाही, पण 'आईशी त्यांचं वाजलं' या तीन शब्दांत मला बरंच ऐकू आलं. ती अजून त्यांच्याच घरात राहते. घर शांत राहावं एवढ्यासाठी तिने आयुष्यभर जे केलं, तेच ती आता तुमच्याकडून मागते आहे.

राहिली माफी. इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. या सदराच्या पहिल्या वर्षांत एका बाईंनी साधारण तुमच्यासारखंच पत्र पाठवलं होतं, आणि मी मोठ्या शहाणपणाने लिहिलं होतं, वडील जाताहेत, सोडून द्या, तुम्हालाच हलकं वाटेल. दोन वर्षांनी त्यांचं पोस्टकार्ड आलं. चार ओळी. रात्ररात्र बसून त्यांनी वडिलांचे पाय चेपले होते. वडील शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. 'आता माझ्या हातांना त्यांच्या पायांचा वास येतो,' असं त्यांनी लिहिलं होतं. ते कार्ड मी टेबलाच्या खणात ठेवलंय. तेव्हापासून माफ करा असा सल्ला मी कुणाला देत नाही. करू नका असंही सांगत नाही. ती कधी येते, कधी येत नाही. कधी मागणाऱ्याने मागितल्यावर येते, कधी तो गेल्यावर दहा वर्षांनी भाजी निवडता निवडता येते. बाबा मवाळ झालेत असं तुम्ही लिहिता. थकणं आणि पश्चात्ताप होणं यांत फरक आहे. शहात्तरीत हातोडी जड होतेच. त्यांनी कधी तुम्हाला समोर बसवून 'मी तुला मारायचो, ते माझं चुकलं' एवढं म्हटलंय का? पत्रात नाही, म्हणजे नसावं. मग जी माफी कुणी मागितलेलीच नाही, ती देता येत नाही म्हणून तुमची भक्ती खोटी कशी?

भक्ती खोटी नाही याचा पुरावा तर तुम्हीच दिलाय, पांघरुणातला. एकाच घरात, एकाच रात्री, एकाच देवाचं नाव दोन माणसं घेत होती. एकाला त्या नावाने हात धुऊन मिळत होते. दुसऱ्याला सकाळपर्यंत तग धरता येत होता. नाव बाबांकडून कानावर आलं असेल, पण वापरलंत ते तुम्ही, तुमच्या गरजेला, तुमच्या आवाजात. ते त्यांच्याकडे परत करायची काही गरज नाही. त्याची लाज तर मुळीच नको. वारकऱ्यांचा देव पुरुषासारखा उभा असतो आणि आई म्हणून हाक मारून घेतो, विठाई, माउली, ही काय गंमत आहे कोण जाणे, पण लहानपणीच दुसऱ्याच्या घरी कामाला आलेल्या जनाबाईला तो आईसारखा भेटला. आणि त्याच जनाबाईने त्याला अशा शिव्या घातल्यात की आजच्या सत्संगात कुणी दिल्या तर बाहेर काढतील. त्या अभंग म्हणून जपल्या गेल्या. तेव्हा विठोबावर राग आला तर येऊ द्या. त्याला सवय आहे. माळ डब्यात आहे तर डब्यात राहू द्या, पुन्हा घालावीशी वाटली तर स्वतःसाठी घाला, नाही वाटली तर नका घालू.

शिबिराचं जरा सविस्तर बोलायला हवं, कारण तिथे तुम्ही स्वतःला नापास ठरवलंय असं वाटतं. तुम्हाला जे झालं ती साधनेतली कमतरता नव्हती. लहानपणी ज्या अंगाला मार बसला, त्या अंगाने तो आपल्या पद्धतीने लिहून ठेवलेला असतो. कणीक मळताना दिसली की तुम्ही बाहेर पडता, 'पुंडलिक वरदे' ऐकलं की छाती धडधडते, त्या त्याच वहीतल्या नोंदी. दहा दिवस बोलायचं नाही, फोन नाही, ओळखीचं माणूस नाही, डोळे मिटून आपल्याच पाठीकडे बघायचं. तुमच्या पाठीने काय दाखवायचं दुसरं? अनेकांना अशा बैठकीचा फायदा होतो हे खरं. पण जुनी जखम ताजी असताना, आणि काय होतंय ते ओळखणारं कुणी जवळ नसताना, 'समतेने बघत राहा' म्हणणं म्हणजे भाजलेल्या हाताला तव्यावर ठेवून शांत राहा म्हणण्यासारखं आहे. उठून जाणं हाच त्या वेळी शहाणपणा होता. तुम्हाला तो सुचला नाही, कारण मार चुकवून उठून जायची मुभा तुम्हाला लहानपणी कधी नव्हतीच.

जॉन वेलवुड नावाच्या एका अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात याच्याशी मिळताजुळता एक शब्द काढला, अध्यात्माचा बायपास, म्हणजे मनातल्या जुन्या जखमांना साधनेच्या आधाराने वळसा घालणं. पुणे-सातारा रस्त्याने जाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. बायपासने गाडी झकास जाते, गावातली गर्दी, खड्डे, नाला काही लागत नाही. पण तुमचं घर त्या गावातच असेल तर कधीतरी खाली उतरावं लागतंच.

उतरायला सोबत घ्या. वैद्यकीय मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेला, अशा जखमांवर काम केलेला माणूस शोधा. पहिल्याच भेटीत सरळ विचारा, लहानपणीच्या मारावर तुम्ही काम करता का, कसं करता. ईएमडीआर नावाची एक पद्धत आहे, डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने जुन्या आठवणींवर काम करणारी. आघातावर बेतलेली सीबीटी आहे, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणारी. अशा त्रासासाठी या दोन्हींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच केली आहे. आणि तुमची श्रद्धा ऐकून जो हसेल किंवा उलट 'सगळं देवावर सोडा' म्हणेल, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. कुणी सापडेपर्यंत, किंवा एखादी रात्र फारच जड गेली तर, टेलिमानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तोवर डोळे मिटून बसणं बंद. नाम घ्यायचं तर डोळे उघडे ठेवून, चालता चालता, पावलं जमिनीला लागताहेत तिकडे लक्ष ठेवून. वाटेल तेव्हा थांबायचं. आणि बायकोला कणकेचं सांगा. पोळ्या बंद करायच्या नाहीत, पण तुम्ही दर संध्याकाळी घरातून का उठून जाता हे तिला माहीत असायला हवं. एव्हाना तिने त्याचा काहीतरी भलताच अर्थ लावला असेल.

आता वारी. माझं मत विचारलंत तर यंदा बाबांबरोबर जाऊ नका. आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला पालखी निघाली की पंढरपूर अडीचशे किलोमीटर, दोन-तीन आठवडे. त्या वाटेवर पहाटेपासून रात्रीपर्यंत पखवाज आहे, 'पुंडलिक वरदे' आहे, आणि तुमच्या बाबांच्या पाया पडणारी माणसं आहेत. त्यांच्या शेजारी तुम्ही, आणि बघायला तुमचा मुलगा. गर्दीत तोंड दाबून तीन आठवडे काढायला ते दुसरं मौन शिबिर होईल. त्यांना जायचं असेल तर जाऊ द्या, त्यांची दिंडी आहे, टाळकरी आहेत, त्यांना सांभाळणारी माणसं मिळतील. 'मला यंदा जमणार नाही' एवढंच सांगा. कारण द्यावं लागतंच असं नाही. कुणी न विचारता तुम्हालाच कारण सांगावंसं वाटलं, तर मात्र खरं सांगा. बाबा आहेत तोवर त्यांच्याशी बोलायचं असेल तर सहा महिने त्या मानसशास्त्रज्ञाशी बोलून मग, तुमच्या घरी, तुम्ही ठरवलेल्या वेळी.

मुलाला त्यांच्याबरोबर एकट्याने पाठवू नका. यावर चर्चाच नको.

तुमची तुम्हाला वारी हवी असेल तर त्यालाही कुणी अडवलेलं नाही. एखाद्या वर्षी, बाबांच्या दिंडीपासून लांब, एकच टप्पा चाला. दिवेघाट चढा, वाटलं तर सासवडहून एसटीने परत या. तिथे अनोळखी माणसं तुमच्या पायाला हात लावतील आणि तुम्हाला माउली म्हणतील. तो शब्द तुमच्याही वाट्याचा आहे.

हे सगळं सावकाश होईल, वर्षं लागतील. एक गोष्ट मात्र आजची आहे. आज रात्री मुलगा झोपायच्या आधी त्याच्या अंथरुणावर बसा. देवघरात नको, त्याच्याच शेजारी. त्याला सांगा, पाणी सांडणं ही काही मारण्यासारखी गोष्ट नव्हती, मी मारलं ते माझं चुकलं, तुझं काही चुकलं नव्हतं. त्याच्याकडून 'ठीक आहे बाबा' वदवून घेऊ नका. तो भिंतीकडे तोंड करून झोपला तर झोपू द्या. दिवा मालवताना वही सुकली का तेवढं विचारा.